माल्टाच्या पाण्यातली अरूस

माझं माहेर हर्णैजवळचं. किनाऱ्यावर मासळीचा लिलाव लागला की त्याचा गलका वाऱ्यावर आमच्या ओट्यापर्यंत यायचा. कल्ला उचलून आतला लाल रंग बघायचा, पोट दाबून बघायचं, डोळा खोल गेला असेल तर पुढच्या टोपलीकडे वळायचं, हे सारं अम्मीने आम्हा बहिणींना अलिफ-बे शिकवलं त्याच वयात शिकवलं. त्यामुळे मासे मला कळतात, असा माझा समज होता. सेहेचाळिसाव्या वर्षी, घरापासून हजारो मैलांवरच्या एका परक्या समुद्रात डोकं बुडवलं, तेव्हा लक्षात आलं की मी जन्मभर मेलेलेच मासे पाहत आले.

गेल्या उन्हाळी सुट्टीत मी माल्टाला गेले ती काही मासे बघायला नव्हे. माझी धाकटी बहीण पाच वर्षांपासून तिथे नर्स आहे, वृद्धांची देखभाल करणाऱ्या एका ठिकाणी. अब्बा गेले त्या वर्षी भाईजानचं दुकानही बसलं. घरात कर्ज होतं, अम्मीच्या डोळ्यांचं ऑपरेशन अडलं होतं. तेव्हा ही उठली, आणखी थोडं कर्ज काढलं आणि गेली. घराचं छप्पर, अम्मीचे डोळे, भाचीची फी, सगळं तिच्या पगारातून झालं. आता ती चौतिशीची आहे. मी निघाले तेव्हा भाईजान म्हणाला, “तिला समजावून आण. ठाण्याचं चांगलं स्थळ आहे. आणि लोक मला विचारतात, बहिणीच्या पैशावर किती दिवस?” अम्मी एवढंच म्हणाली, “डोळे भरून बघून ये.” आमसुलं आणि कुळथाच्या पिठाबरोबर ही दोन ओझीही मी पिशवीत घेऊन निघाले होते.

माल्टा म्हणजे सिसिलीच्या दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या मधोमध असलेली मूठभर बेटं. माल्टा, गोझो आणि कोमिनो मिळून अख्खा देश ३१६ चौरस किलोमीटरचा, आमच्या दापोली तालुक्याच्या निम्म्याहूनही लहान. सगळीकडे पिवळसर चुनखडीचा दगड. घरं त्याची, कुंपणं त्याची, किनाराही त्याचाच. वाळूचे किनारे थोडेच. बारमाही नदी एकही नाही, आणि नदी नाही म्हणून समुद्रात गाळ येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात खाडीचं तांबडं पाणी मैलभर आत जातं. तिथे काठावर उभं राहून तीन पुरुष खोल तळाचा दगड दिसतो. पहिल्या दिवशी मला ते पाणी खोटंच वाटलं.

पण मला खरं भुलवलं ते तिथल्या भाषेने. सन ८७० पासून १०९१ मध्ये नॉर्मन येईपर्यंत या बेटांवर अरबांची सत्ता होती. सत्ता गेली, धर्म गेला, लिपी गेली, पण बोली राहिली. माल्टीज ही मुळात अरबी घराण्यातली भाषा, रोमन अक्षरांत लिहिलेली आणि इटालियन शब्दांनी भरलेली. मी उर्दू शिकवणारी बाई. बसमध्ये बसून कान टवकारले की ओळखीची माणसं भेटल्यासारखे शब्द भेटायचे. मृत्यूला ते ‘मेउत’ म्हणतात, आयुष्याला ‘हाय्या’, समुद्राला ‘बाहार’. निरोप घेताना म्हणतात ‘साहहा’, म्हणजे आपली सेहतच. बहीण सांगत होती की तिच्याकडचे म्हातारे-म्हाताऱ्या दिवसा इंग्रजी बोलतात, पण रात्री घाबरले की इंग्रजी विसरतात आणि माल्टीजमधून पाणी मागतात. “पहिल्याच आठवड्यात मला कळलं, आपा. ‘इल्मा’ म्हणाले. अरबीतल्या ‘मा’वरून मी ओळखलं.” अम्मीने मदरशात पाठवलं ते असं कामी येईल असं कोणाला वाटलं होतं!

तिच्याकडे एक आजोबा होते, जन्मभर मासेमारी केलेले. तिने समुद्राकाठचं आपलं गाव सांगितल्यावर त्यांनी तिला रोज एका माशाचं नाव शिकवायचा नेम धरला. मागच्या थंडीत ते वारले. त्यांनीच तिला सांगितलेली जागा म्हणजे आर लापसी. मला पहिल्यांदा ऐकताना हसू आलं, कारण लापशी म्हणजे आपली गव्हाची. तिकडे लापसी हा ख्रिस्ती सणाचा शब्द आहे, हजरत ईसांना आसमानात उचलून घेतल्याच्या दिवसाचा. आणि ‘आर’ लिहिताना घैनसारखं अक्षर लिहितात पण त्याचा उच्चार करत नाहीत. म्हणजे ग़ार. गुहा. गारे-हिरातला तोच ग़ार. बहिणीला मी हे फोड करून सांगितलं तर ती म्हणाली, “आपा, सुट्टी चालू आहे.”

सिज्जीवी गावाच्या पुढे रस्ता उतरत उतरत दक्षिण किनाऱ्याला येतो. उंच कड्यांच्या पायथ्याशी खडकांनी अर्धवट वेढलेलं तलावासारखं पाणी, होड्या ओढायचा उतार, मच्छीमारांच्या खोल्या. बाजूला समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना आहे, कारण नदी नसलेल्या देशाला तेच पाणी प्यावं लागतं. समोर क्षितिजावर फिल्फ्ला नावाचा एकटा खडक. मिऱ्याला आपण उर्दूत फिलफिल म्हणतो, त्यावरूनच हे नाव आलं असं मानतात. लांबून दिसतोही मिऱ्यासारखाच. इंग्रजांच्या नौदलाने १९७१ पर्यंत तोफांच्या नेमबाजीसाठी तो वापरला. आता तिथे माणसाला उतरायला बंदी आहे, पक्षी निवांत राहतात.

मंगळवारी बहिणीला सुट्टी होती. जून लागला होता. तिने माझ्यासाठी अंगभर पोहण्याचा पोशाख आणि ओढणीसारखं बसणारं टोपरं आणून ठेवलं होतं, वर जीवरक्षक जाकीट. मी म्हटलं, मी काठावर बसते. आमच्या गावात बाया समुद्रात जातात त्या घोट्यापर्यंत, फार तर पोरींच्या हट्टाने गुडघ्यापर्यंत. समुद्र पुरुषांचा, आणि किनाऱ्यावर वाट पाहणं आमचं. माझे एक चुलते त्यात गेले आहेत. ती काही बोलली नाही. काच असलेला मुखवटा माझ्या डोळ्यांवर बसवला, श्वासाची नळी तोंडात दिली आणि हात धरला. पाणी अंगात कळ जाईल इतकं गार. आपल्या समुद्राची ऊब त्याला नाही, जूनमध्येसुद्धा. दोन मिनिटं मी फक्त माझ्याच श्वासाचा घरघर आवाज ऐकत होते. मग तिने माझ्या डोक्यावर हलकेच हात ठेवून ते खाली केलं.

किनाऱ्यापासून दोन हातांवर, कंबरभर पाण्यात, ती होती.

हाताच्या वितीपेक्षा लहान. अंग हिरवट सोनेरी, पिकू लागलेल्या आंब्याच्या सालीसारखं. त्यावर वरून खाली उतरलेले पाच निळे पट्टे, कोणी ब्रशने एकेक ओढल्यासारखे. पाठीच्या मध्यावर एक काळा ठिपका. दृष्ट लागू नये म्हणून लावावा तसा, असंच माझ्या मनात आलं. डोक्यावर निळ्या रेघांची नागमोडी नक्षी. आणि चाल अशी की शेपटी हलतच नाही. छातीजवळचे दोन पर वर-खाली, वर-खाली, वल्ही मारल्यासारखे. शेपूट मागे नुसतं सुकाणू. एक दिसली म्हणता म्हणता दहा-बारा झाल्या. खडकाच्या शेवाळात तोंड खुपसायच्या, काहीतरी टिपायच्या, एका डोळ्याने माझ्याकडे बघायच्या आणि परत कामाला लागायच्या. मी तोंडात नळी असतानाच सुब्हानअल्लाह म्हटलं आणि खारट पाण्याचा घोट गिळला.

या माशाला इंग्रजीत ऑर्नेट रॅस म्हणतात. शास्त्रीय नाव थॅलासोमा पावो, १७५८ मध्ये लिनिअसने नोंदवलेलं. पावो म्हणजे लॅटिनमध्ये मोर, आपला ताऊस. फ्रेंचांनीही मोराचंच नाव दिलं आहे. इटालियन लोक म्हणतात ‘दोंझेला पावोनिना’, मोरपंखी तरुणी. आणि आजोबांनी बहिणीला याच कुळातल्या दुसऱ्या एका माशाचं माल्टीज नाव शिकवलं होतं. तोही त्याच खडकात होता, अंगावर नारिंगी नागमोडी पट्टा असलेला. त्याचं नाव ‘आरूसा’. अरूस. नवरी! ज्या शब्दाशी आपला उर्सही जोडलेला आहे, कारण उर्स म्हणजे मुळात लग्नसोहळाच. मला ते नाव इतकं आवडलं की बहिणीने कितीदा दुरुस्त केलं तरी मी दोघींनाही अरूसच म्हणत राहिले.

प्रवाळाचा शोध घेत कोणी माल्टाला गेलं तर निराश होईल. चित्रात दिसतात तसे प्रवाळाचे बगीचे तिथे नाहीत. चुनखडीचा खडक, त्यावर तपकिरी-हिरवं शेवाळ, मध्ये मध्ये पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताची कुरणं, आणि खडकाच्या फटीत काळे काटेरी समुद्री साळू. सगळा रंग फिका, राखी. म्हणूनच अरूस अशी उठून दिसते. पाठीवर हवेची टाकी बांधलेले पाणबुडे आमच्या बाजूने गुहेकडे जात होते, तर या त्यांच्या मागे निघाल्या. पाणबुड्याच्या पायाने तळ ढवळला गेला, दगड उलटला, की खालचे बारीक शिंपले आणि कोळंबीची जात उघडी पडते. यांचं आयतंच जेवण. नांगरामागे बगळे चालतात तसं. त्या माणसाला वाटत असेल मासे माझ्यावर प्रेम करतात.

खाण्याच्या दृष्टीने विचाराल तर फारसं काही नाही. मोठ्यात मोठी वीत-सव्वावीत, २५ सेंटिमीटरपर्यंत. खडकातल्या असल्या लहान माशांचं तिथे लसूण-टोमॅटो घालून पातळ सूप करतात, आल्योत्ता म्हणतात त्याला. मी चाखलं. आमसूल हवं होतं.

थोड्या वेळाने बहिणीने माझा दंड दाबला आणि बोट दाखवलं. खोल बाजूने एक वेगळाच मासा येत होता. बाकीच्यांपेक्षा मोठा, अंग गर्द हिरवं, त्यावर तांबूस बारीक उभ्या रेषा. डोकं लालसर, त्यावर निळी जाळी. छातीमागे एकच रुंद निळा पट्टा, त्याला लाल किनार. शेपटीची दोन टोकं चंद्रकोरीसारखी. तो आला तशा बाकीच्या जरा बाजूला झाल्या. कळपावरून एक फेरी मारून तो निघून गेला.

काठावर आल्यावर ऊन मस्त होतं. थर्मासमधला चहा ओतत बहिणीने विचारलं, “तो मोठा पाहिलास ना? तो आधी कोण होता माहीत आहे?” मग तिने जे सांगितलं ते मी नंतर पुस्तकांतून पडताळून घेतलं, कारण शिक्षकाला ऐकीव गोष्टीवर भागत नाही. हे मासे बहुतेक मादी म्हणून आयुष्य सुरू करतात. एका मोठ्या नराच्या इलाख्यात बऱ्याच माद्या राहतात. तो नर मेला किंवा पकडला गेला की बाहेरून दुसरा यावाच लागतो असं नाही. माद्यांतली सगळ्यात मोठी, सगळ्यात दांडगी असेल तीच पुढे होते, आणि हळूहळू नर बनते. रंग बदलतो, पट्टे पुसले जातात, डोकं निळ्या जाळीने भरतं. कॅरिबियन समुद्रातल्या हिच्या एका चुलतबहिणीवर शास्त्रज्ञांनी बारीक अभ्यास केला आहे. तिथे नर काढून घेतला की मोठ्या मादीचं वागणं काही तासांतच बदलतं, ती इलाख्याची राखण करू लागते. आणि ८ ते १० दिवसांत शरीराच्या आतली रचनाही बदलून जाते. अंगावरचा रंग मागाहून येतो, काम मात्र ती पहिल्या दिवसापासून सुरू करते.

“अब्बा गेले त्या वर्षी आपल्या घरात हेच झालं, नाही का आपा?” ती हसत म्हणाली. मीही हसले. मग ती फिल्फ्लाकडे बघत म्हणाली, “फक्त माशांमध्ये तिला नंतर कोणी म्हणत नाही की आता पुरे, परत ये.”

माशाची गोष्ट माणसाला लावू नये हे मला कळतं. अल्लाहने ज्याला त्याला वेगळी चाल दिली आहे. वर्गात एखाद्या मुलाने असं काही म्हटलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं. पण मला तिला काही सांगता येईना. आणि ज्या कामासाठी आले होते ते काढायची हीच वेळ होती, म्हणून मी ठाण्याच्या स्थळाचं बोलले. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“निकाहाला माझा नकार नाही,” ती म्हणाली. “अम्मीलाही सांग तसं. पण त्यांनी माझ्याबद्दल काय काय विचारलं?”

मी आठवू लागले. वय विचारलं होतं. रंग विचारला होता, उंची विचारली होती. पगार विचारला होता. परत कधी येणार ते विचारलं होतं.

“मी तिथे काय करते, हे?”

ते कोणी विचारलं नव्हतं. मीही नव्हतं विचारलं, पाच वर्षांत. ‘कशी आहेस’, ‘जेवलीस का’ आणि ‘पैसे मिळाले’ एवढंच आमचं फोनवरचं बोलणं. मग तिने सांगितलं. त्या मच्छीमार आजोबांच्या शेवटच्या रात्री ती त्यांच्या उशाशी बसली होती. मुलगा परदेशात, पोहोचू शकला नव्हता. आजोबा माशांची नावं म्हणत होते, एकापाठोपाठ एक, आणि मध्ये अडकले की ती पुढचं नाव सांगायची. सकाळी तिने खिडकी उघडली आणि त्यांच्या मुलाला फोन केला. “मग ड्युटी संपल्यावर मी इथे आले,” ती म्हणाली. “पोहायला मी त्याआधी नुकतीच शिकले होते.”

आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो. या खेपेला मी तिचा हात मध्येच सोडला.

तिथल्या समुद्रातही सगळं जागच्या जागी नाही. अरूस मुळात ऊबदार पाण्यातली, भूमध्याच्या दक्षिण भागातली. गेल्या काही दशकांत पाणी तापत चाललं आहे तशी ती उत्तरेकडे, इटलीच्या वरच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन वसली आहे. जिथे आजच्या म्हाताऱ्या मच्छीमारांनी लहानपणी ती पाहिली नव्हती तिथे त्यांची नातवंडं ती रोज पाहतात. दुसरीकडून, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला तेव्हापासून तांबड्या समुद्रातले मासे भूमध्यात येत आहेत. त्यातला विषारी काट्यांचा सिंहमासा लहान मासे गिळत पश्चिमेकडे सरकतो आहे. अरूसचं पुढे काय होईल ते पाण्याच्या तापमानावर जेवढं अवलंबून, तेवढंच या पाहुण्यांवर.

आणि एक गोष्ट मला परतीच्या विमानात खटकत राहिली. याच थॅलासोमा कुळातले मासे आपल्या हिंदी महासागरातही आहेत. लक्षद्वीपच्या प्रवाळात चंद्रकोरीच्या शेपटीची एक हिरवी-निळी जात आरामात दिसते. आपल्या मालवणकडेही खडक आहेत, प्रवाळ आहे, हल्ली तिथे पर्यटक मुखवटे लावून पाण्यात बघतात. माझ्या माहेरापासून मालवण एका दिवसाची एसटी. वर्गातल्या मुलींना मी सहलीला न्यायची ते किल्ले दाखवायला, आणि किल्ल्याभोवतीच्या पाण्याकडे पाठ करून फोटो काढायला.

पण हे नंतरचं. त्या मंगळवारी आम्ही बसने परत आलो तेव्हा सूर्य अजून वर होता. जूनमध्ये तिथे मगरिब सव्वाआठच्या पुढे होते. अंगाला मीठ आणि मनगटाला खडकाने खरचटलेलं. अस्रची नमाज झाली, कुळथाचं पिठलं भात झाला. बहीण दुसऱ्या दिवशीची दुपारची ड्युटी बघत होती, तेवढ्यात भाईजानचा फोन आला. मी तो घेऊन गॅलरीत गेले.

“बोललीस तिच्याशी?”

“बोलले.”

“काय म्हणाली मग?”

“उद्या सकाळी लवकर उठायचं म्हणाली,” मी म्हटलं. “ड्युटीच्या आधी पुन्हा पाण्यात जायचं आहे. भाईजान, तू कधी जिवंत मासा पाहिला आहेस का?”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग त्याने विचारलं, “कसला मासा?” मी त्याला सांगू लागले.